लिनक्सवर रीपर: पावसाळाभर वापरल्यावर

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, आणि जुना लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. म्हणून कुडाळकडच्या भजनांच्या रेकॉर्डिंगला उबुंटू स्टुडिओ (ऑडिओच्या कामासाठीचं लिनक्स) आणि त्यावर रीपर, म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. लायसन 60 डॉलरचं, तेच विंडोजवरही चालतं. त्यामुळे पैसे वाया जायची भीती नाही.

खरा प्रश्न बफरचा, म्हणजे आवाजाचे किती नमुने एका वेळी साठवून मग पुढे पाठवायचे त्याचा. 48 किलोहर्ट्झला 1024 चा बफर म्हणजे एका फेरीला 21 मिलिसेकंद. बुवांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो आणि पखवाजाशी लय सुटते. 128 ला तेच 2.7 वर येतं. पाइपवायरमध्ये (लिनक्समधली आवाज हाताळणारी यंत्रणा) क्वांटम, म्हणजे हाच बफर, 128 ठरवा आणि रीपरचा प्रोजेक्टही 48 किलोहर्ट्झलाच ठेवा. आपला युजर ऑडिओ ग्रुपमध्ये आहे का तेही बघा. नसेल तर रिअल-टाइम प्राधान्य, म्हणजे प्रोसेसरने आवाजाचं काम आधी उरकणं, मिळायला अडचण येऊ शकते.

एवढं करूनही मधेच टक्‌टक्‌ यायची. तेव्हा मत झालं होतं की लिनक्सवर 256 च्या खाली जाऊच नये. आता तसं वाटत नाही. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचं काम कसं चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ठेवला तर लाइट गेली की ‘ईआरआर’च्या, म्हणजे चुकांच्या, रकान्यातला आकडा चढायला लागतो. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) यूएसबीच्या विजेवरच चालतो, त्यामुळे टेक बंद पडत नाही. पण लॅपटॉप बॅटरीवर गेला की टीएलपी (वीज वाचवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरला आवरतं घेतो आणि बफर वेळेत भरत नाही. टीएलपीच्या फाइलीत बॅटरीसाठीची एनर्जी-परफॉर्मन्स पॉलिसी ‘बॅलन्स-पॉवर’ असते, ती ‘परफॉर्मन्स’ करून टीएलपी पुन्हा सुरू करा. बॅटरी लवकर उतरेल, पण अभंग पुरा होईल. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ही एक ओळ मला कुठल्याही महागड्या प्लगइनपेक्षा (रीपरला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरपेक्षा) मोलाची वाटते.

प्लगइनच्या बाबतीत मात्र विंडोज सरळ पुढे. यॅब्रिज या जोडणीने लिनक्सवर बरेच विंडोज प्लगइन चालतात, पण वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, यॅब्रिज त्यावरच उभं) 9.22 पासून त्यांच्या खिडकीत माउसचा नेम चुकायला लागला. 9.21 वरच रोखून ठेवा, अपडेटला हात लावू देऊ नका. आयलॉक (लायसन तपासणारी यंत्रणा) लागणारे प्लगइन तर सोडूनच द्या, त्याचा लिनक्ससाठी मॅनेजरच नाही. तुमचं काम त्यांच्यावर अडत असेल तर विंडोज सोडू नका. पेटी, पखवाज, टाळ आणि कोरस एवढंच असेल तर रीपरचे स्वतःचे ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करायला) आणि कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरायला) पुरतात.