डॉमिनीकाची मिनीबस: 4 स्टार, पाचवा रविवारने खाल्ला

आधीच सांगते, हे डॉमिनिकन रिपब्लिक नाही. डॉमिनीका कॅरिबियनमधलं वेगळं बेट आहे, ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या बेटांच्या मधे, आणि इथे पांढऱ्या वाळूचे लांबच लांब बीच बघायला येणार असाल तर पैसे फुकट जातील. इथे डोंगर, जंगल, गरम पाण्याचे झरे आणि पाऊस. आम्ही दोघी मैत्रिणी शनिवारी उतरलो आणि पुढच्या रविवारी निघालो. बजेट एकदम टाइट होतं म्हणून भाड्याची गाडी नाही घेतली, सगळी भिस्त तिथल्या मिनीबसवर. त्यामुळे हा रिव्ह्यू हॉटेलचा वगैरे नाही, त्या मिनीबसचा आहे, कारण कमी पैशात फिरायचं असेल तर आठवड्याचा प्लॅन तुम्ही नाही, ती बस ठरवते.

बस म्हणजे आपली व्हॅन. नंबरप्लेट एच ने सुरू होते, ती बघून हात करायचा. टाइमटेबल नाही, भरली की सुटते. राजधानी रोझोमधे सगळ्या बसचा एकच स्टँड असेल असं समजून आम्ही पहिल्यांदा पाठीवर सॅक घेऊन अर्धा तास नुसत्या गोल फिरत होतो, तर तसं नाहीये, दक्षिणेच्या गाड्या जुन्या मार्केटजवळून, उत्तरेच्या पोर्ट्समथ गावाला जाणाऱ्या रोझोतल्या नदीवरच्या पुलाजवळून आणि डोंगरातल्या गावांच्या बोटॅनिक गार्डनच्या बाजूने सुटतात. चढताना आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, सगळ्यांना मिळून एकदाच. आम्ही पहिल्यांदा बसमधे चढताना डायरेक्ट "ट्रॅफल्गर जाणार का?" विचारलं तर मागच्या सीटवरच्या आजी "गुड मॉर्निंग!" असं काही ठसक्यात म्हणाल्या की परत विसरलो नाही.

मधल्या वाटेतही फोल्डिंग सीट असतात, त्यामुळे मागच्याला उतरायचं झालं की अर्धी बस खाली उतरते आणि परत चढते. कुणी कुरकुर करत नाही. एकदा माझ्या मांडीवर कुणाचीतरी केळ्यांची पिशवी होती, पायाशी गॅसचा सिलिंडर, आणि ड्रायव्हरने बूयॉन (हे त्यांचं इथलंच म्युझिक, बीट डोक्यात बसतो) फुल आवाजात लावलेलं. वळणं इतकी आणि स्पीड असा की मैत्रीण डोळे मिटून बसली होती. पोट नाजूक असेल तर गोळी घेऊन बसा, आणि पुढची सीट रिकामी दिसली तर सोडू नका.

भाडी ठरलेली असतात, आमच्याकडून कुणी जास्त घेतलं नाही. चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर (ईसी), एका अमेरिकन डॉलरला 2.70, हा रेट 1976 पासून फिक्स आहे. अमेरिकन नोटा चालतात पण सुट्टे ईसीतच मिळतात आणि हिशोब ड्रायव्हरच्या मनाचा, तर ईसीच्या लहान नोटा जवळ ठेवा.

आता तो रविवार. शनिवारी रात्री पोचलो, प्लॅननुसार रविवारी सकाळी ट्रॅफल्गर धबधबा. साडेसातला जाऊन उभ्या राहिलो. आठ वाजले, साडेआठ वाजले, रस्त्यावर कुत्रं नाही. शेवटी चर्चला निघालेल्या एक बाई थांबल्या आणि हसून म्हणाल्या, आज रविवार आहे गं. बस जवळपास बंद, दुकानं बंद. गंमत बघा, कोलंबसला हे बेट 1493 मधे रविवारी दिसलं म्हणून नाव डॉमिनीका, आणि त्याच रविवारी इथे काही हलत नाही. मग काय, बोटॅनिक गार्डनमधे गेलो. तिथे 1979 च्या डेव्हिड वादळात एक मोठं बाओबाबचं झाड रिकाम्या स्कूलबसवर पडलं, ती चेपलेली पिवळी बस अजून तशीच झाडाखाली ठेवलीये. दिवसभरात आम्हाला दिसलेली एकमेव बस तीच 😂

सोमवारी ट्रॅफल्गर झालं, सकाळी लवकर गेलात तर क्रूझची गर्दी यायच्या आत निवांत बघून होतं. आम्ही गेलो तेव्हा साइटचं तिकीट 5 अमेरिकन डॉलर आणि आठवड्याचा पास 12 चा होता, म्हणजे तीन ठिकाणं बघायची तर पासच परवडत होता.

मंगळवारी बॉइलिंग लेक, म्हणजे डोंगरातलं उकळतं तळं, यासाठीच आलो होतो. लोडा गावापर्यंत पहिली बस, पुढे टिटू गॉर्ज या अरुंद घळीपासून चालणं, जाऊन येऊन साधारण सहा ते सात तास. गाइड घ्या, इथे पैसे वाचवू नका, अजून दोघं मिळाले तर खर्च वाटला जातो. आधी चिखलाच्या पायऱ्या, मग मॉर्न निकोल्स डोंगराचा चढ, वर वाऱ्याने माणूस ढकलला जातो, आणि मग खाली व्हॅली ऑफ डेसोलेशन. तिथे झाडं जवळजवळ नाहीत, जमिनीतून फुस्स करून वाफ निघते, ओढ्याचं पाणी कुठे दुधासारखं तर कुठे काळं. आमच्या गाइडने एका उकळत्या खड्ड्यात अंडी सोडली आणि दहा मिनिटांत सोलून हातात दिली, मीठ लावून. माझ्या बोटातली चांदीची अंगठी गंधकाने काळी पडली होती, ते मला अंडं खाताना लक्षात आलं. तळं सुरुवातीला दिसलंच नाही, नुसती वाफ. दहा-पंधरा मिनिटं बसलो, वारा फिरला आणि एकदम खाली राखाडी पाणी, मधोमध रटरट उकळतंय, भात शिजताना पातेलं कसं करतं तसं, फक्त पातेलं साठेक मीटर रुंद. खरं तर ते तळं म्हणजे ज्वालामुखीचं तोंड नाही, पाणी भरलेलं फ्युमरोल आहे, म्हणजे जमिनीतून गरम वाफ निघायची भेग. काठ सुटतो, फार पुढे जाऊ नका.

परतताना टिटू गॉर्जच्या गार पाण्यात उतरलो आणि तिथेच चूक झाली, कारण बाहेर आलो तर शेवटची बस गेलेली. लोडाहून दुपारनंतर भरवसा नाही. एका भाजीच्या पिकअपने मागे बसवून सोडलं, पैसे घ्यायला तयार नव्हता. पण याच्यावर प्लॅन करू नका, बसच्या ड्रायव्हरला सकाळीच विचारून ठेवा परत कधी येणार, ते सांगतात आणि बहुतेक येतातही.

शॅम्पेन रीफ बुधवारी, दक्षिणेच्या बसने सोप्पं. समुद्राच्या तळातून गरम बुडबुडे येतात आणि तुम्ही त्यातून पोहता, नुसता मास्क पुरतो. पोर्ट्समथची इंडियन रिव्हर पण छान, तिथे इंजिनची बोट चालत नाही, वल्ह्याचीच. कालिनागो लोकांचा (बेटाचे मूळ रहिवासी) भाग पूर्वेला आहे आणि तिकडे बस फारच कमी, आम्ही शुक्रवारी दोन तास वाट बघून निम्म्यातूनच परतलो. तिकडे जायचं असेल तर एक मुक्काम ठेवा, एका दिवसात बसने ओढाताण होते.

एक स्टार कापलाय तो रविवारचा आणि संध्याकाळचा. एअरपोर्ट रोझोपासून तासाभराहून जास्त लांब आहे आणि आमचं फ्लाइट नेमकं रविवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी टॅक्सीला जे दिले ते आठवडाभराच्या बसच्या एकूण भाड्यापेक्षा जास्त. तिकीट काढताना वार बघा, शनिवारी उतरून रविवारी निघणं म्हणजे दोन रविवार आणि एक महागडी टॅक्सी.