अडॅप्टर उलटा करून बघा

छोट्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) खोक्यावर छापलेले ५० + ५० वॉट. दुकानदाराच्या तोंडी सरळ १०० वॉट. स्पीकरपर्यंत पोचले ते एका बाजूला ८ वॉट. मधले कुठे गेले त्याचा हा हिशेब. घरासाठी छोटा अँप घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी वाचा.

गिऱ्हाईक जुळे सोलापुरातले एक निवृत्त काका. घरात जुने बुकशेल्फ स्पीकर, ८ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल. जुना डेक बंद पडला म्हणून मोबाइलला जोडून चालेल असा हातभर जागेत बसणारा अँप हवा होता. खोली दहा बाय बारा, सकाळी अभंग, संध्याकाळी जुनी गाणी. शहरातल्याच एका दुकानातून साडेसहा हजारांना क्लास-डी अँप घेतला. आत टीपीए ३११६ हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, आणि तो खरा होता. फसवणूक अँपमध्ये नव्हतीच.

आठवडाभरात तक्रार सुरू झाली: आवाजाचं बटण निम्म्याच्या पुढे गेलं की तबल्याचा ठेका फाटतो. दुकानदाराचा सल्ला, "काका, ट्रेबल फुल करा की, आवाज मोकळा होतोय बघा." महिन्याभरात डाव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, गेला. पुन्हा दुकान. आता उत्तर वेगळं: "अँप एक नंबर हाय ओ, सप्लाय कमी पडतोय त्याला. मोठा अडॅप्टर लावा." मोठ्या अडॅप्टरचे १,४०० रुपये वेगळे मोजले.

खोकं काकांनी जपून ठेवलं होतं, हे बरं झालं. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत आतल्या सामानाची यादी होती: अँप एक, ब्लूटूथचा अँटेना एक, २४ व्होल्ट ४.५ अँपियरचा अडॅप्टर एक. काकांना खोक्यात मिळालेला अडॅप्टर मूठभर होता, थेट सॉकेटमध्ये खोचायचा, १२ व्होल्ट २ अँपियरचा. आणि १,४०० रुपयांना वेगळा विकलेला? लॅपटॉपच्या चार्जरएवढा, वेगळी तीन पिनांची वायर असलेला, २४ व्होल्ट ४.५ अँपियर, वर अँपच्याच कंपनीचं चिन्ह. म्हणजे काकांनी आपलाच अडॅप्टर दुसऱ्यांदा विकत घेतला.

हा खेळ खपतो, कारण टीपीए ३११६ हा आयसी ४.५ ते २६ व्होल्टपर्यंत कशावरही चालतो. १२ व्होल्ट दिले तरी दिवा लागतो, ब्लूटूथ जोडलं जातं, गाणं वाजतं. हळू आवाजात तर फरक कळतही नाही. गिऱ्हाइकाला अँपमध्येच दम नाही असं वाटतं, आणि दुकानदार 'मोठा अडॅप्टर' घेऊन तयारच असतो.

आता वॉटचा हिशेब. या छोट्या अँपमध्ये प्रत्येक चॅनेलचा (डाव्या-उजव्या बाजूचा) आउटपुट ब्रिज जोडणीचा असतो, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं अँपच चालवतो, त्यामुळे स्पीकरला मिळणाऱ्या लाटेचं टोक जास्तीत जास्त सप्लायच्या व्होल्टेजइतकं जातं. न फाटता मिळणारी पॉवर काढायची तर सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट, ८ ओहम: १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॉट. आतली थोडी घट धरली की ८. २४ व्होल्टवर तेच गणित ५७६ भागिले १६, ३६ वॉट. हाती पडतात ३० च्या आसपास. मग खोक्यावरचे ५० कुठले? ते ४ ओहमच्या स्पीकरवर, २१ व्होल्टला आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) धरून मोजलेले. आकडा खोटा नाही, पण तुमचे स्पीकर ८ ओहमचे असतील तर तुमच्या कामाचा नाही.

गणित नको असेल तर अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर गुणा. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॉट, तेही दोन्ही चॅनेल मिळून आणि अँपची स्वतःची गरज न वजा करता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे दुकानात अँपचं तोंड बघण्याआधी अडॅप्टर हातात घेऊन उलटा करायचा आणि 'आउटपुट' लिहिलेली ओळ वाचायची. 'इनपुट १००–२४० व्होल्ट' ही ओळ वाचून उपयोग नाही. ती सगळ्यांवर असते.

आपल्याकडे वॉटचे आकडे मिरवणुकीतल्या डीजेमुळे बिघडलेत. पीएमपीओ (खोक्यांवर छापला जाणारा फुगवलेला 'पीक' वॉटचा आकडा) ही चीज तर कुठल्याच मापात बसत नाही, हजार लिहा नाहीतर पाच हजार, विचारणारं कोणी नाही. घरातल्या खोलीत ८६ डेसिबलच्या स्पीकरला १ वॉट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल येतात, आणि तो बराच मोठा आवाज असतो. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. मग ८ वॉट का पुरले नाहीत? कारण गाण्यातली सरासरी आणि ठोक्याचं टोक यांत १० ते १५ डेसिबलचं अंतर सहज असतं. सरासरी १ वॉटवर वाजणारं गाणं तबल्याच्या थापेला १० ते ३० वॉट मागतं. मिळाले नाहीत की लाटेचं टोक सपाट कापलं जातं. कानाला ते 'फाटलं' म्हणून ऐकू येतं. आणि बटण तसंच पुढे रेटलं की सरासरी पॉवर चढते, कापलेल्या लाटेतून वरच्या पट्टीचा जादा भाग तयार होतो आणि तो ट्वीटरकडे जातो. वर ट्रेबल फुल. केसाएवढ्या तारेची कॉइल जळायला आणखी काय लागतं.

ट्वीटर गेलाय का हे स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावून कळत नाही. क्रॉसओव्हरमधला (आवाजाच्या पट्ट्या वाटून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर ट्वीटरच्या वाटेवर बसलेला असतो, मीटरला दिसतो तो फक्त वूफर, म्हणजे खालच्या पट्टीचा मोठा स्पीकर. ट्वीटर खोलून त्याची एक वायर सुटी करा आणि थेट त्याच्या टॅगवर मोजा. ८ ओहमचा चांगला ट्वीटर साडेपाच ते साडेसहा ओहमच्या आसपास दाखवतो. काकांच्या डाव्या ट्वीटरवर मीटर हललंच नाही.

दुकानदाराशी बोलायचं तर हातात आकडा हवा. त्यासाठी फार सामान लागत नाही: ८ ओहम ५० वॉटचा, सोनेरी ॲल्युमिनियमच्या खोळीतला वायरवाउंड रेझिस्टर, साधा मल्टीमीटर आणि मोबाइलवर १०० हर्ट्झचा टोन. रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळून घ्या, नाहीतर हात भाजेल. स्पीकर काढून त्याच्या जागी रेझिस्टर लावा, मीटर एसी व्होल्टवर, दोन्ही टोकं त्याच चॅनेलच्या प्लस-मायनसवर. मायनस कुठेही बॉडीला किंवा दुसऱ्या चॅनेलच्या मायनसला जोडू नका. ब्रिज आउटपुटमध्ये तो मायनसही जिवंत असतो आणि आयसी जाऊ शकतो. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, १ किलोहर्ट्झवर बरेच स्वस्त मीटर चुकतात. बटण हळूहळू वाढवा. व्होल्ट आधी भराभर चढतात आणि मग एका जागी चढण मंदावते, ती मर्यादा. तिथे दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. व्होल्टचा वर्ग भागिले ८ म्हणजे वॉट. काकांच्या अँपवर छोट्या अडॅप्टरने ८ व्होल्ट आले, म्हणजे ८ वॉट. तोच अँप, तोच रेझिस्टर, २४ व्होल्टचा अडॅप्टर: साडेपंधरा व्होल्ट, ३० वॉट. कोणी म्हणालं की तुम्ही बटण पूर्ण फिरवलं नाही, तर सांगा, लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत फाडली तरी १२ व्होल्टच्या सप्लायवर ८ ओहमला १८ वॉटच्या वर जाताच येत नाही.

अडॅप्टरवरचं लेबलही खोटं असू शकतं. नुसते व्होल्ट मोजून समजत नाही, लोड, म्हणजे वीज ओढणारी वस्तू, लावून मोजावं लागतं. त्याला सोपा उपाय ट्रकचा बल्ब. सोलापूरच्या हायवेवर ट्रकच्या स्पेअरच्या दुकानांना तोटा नाही. २४ व्होल्ट ७५/७० वॉटचा हेडलाइट बल्ब घ्या, मोठी फिलामेंट अडॅप्टरला जोडली की ३ अँपियर ओढते. २४ चे २३ झाले तर ठीक, १९-२० वर कोसळले किंवा पाच मिनिटांत प्लॅस्टिकचा वास आला तर लेबल खोटं. थंड बल्ब सुरुवातीला झटका मारतो, त्यामुळे काही चांगले अडॅप्टरही पहिल्यांदा ट्रिप होतात. एकदा बंद-चालू करून बघा, लगेच दोष देऊ नका. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. क्रमांकच नाही किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो अडॅप्टर घरात रात्रभर सॉकेटला ठेवू नका.

अडॅप्टर स्वतः बदलायचा झाला तर आयसीची मर्यादा २६ व्होल्टची आहे हे विसरू नका. एलईडी पट्ट्यांचा ३६ व्होल्टचा सप्लाय लावून 'जादा दम' काढायला गेलेले बोर्ड कपॅसिटर फुटून येतात. २४ व्होल्टच्या बोर्डवरही कपॅसिटर २५ व्होल्टचे असतील तर मेमध्ये त्रेचाळीस अंशांच्या खोलीत ते फार टिकणार नाहीत. दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ३५ व्होल्टचे असलेला बोर्ड बघा. पिनही तपासा: ५.५ बाय २.५ मिलिमीटरचा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये जातो, पण सैल बसतो आणि अँप हलला की खरखर होते.

आयसी बदलण्याची लबाडीही चालते, पण ती ओळखायला बोर्ड उघडावा लागतो. खऱ्या ३११६ च्या डोक्यावर धातूची चौकट उघडी असते, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तिलाच टेकतो. ३११८ या त्याच्याच कमी ताकदीच्या भावाची चौकट खाली, बोर्डाकडे असते. त्याच्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर हीटसिंक चिकटवून '३११६' म्हणून खपवतात. खरं तर ८ ओहमच्या स्पीकरला ३११८ ही पुरतो. २४ व्होल्टवर ३० वॉटसाठीच तो बनवलाय. पण ३११८ चे पैसे देऊन ३११८ घ्यावा.

ट्यूबवाल्या (जुन्या रेडिओसारख्या व्हॅक्यूम ट्यूब लावलेल्या) अँपच्या डब्यांबद्दल थोडं. पुढे दोन छोट्या काचेच्या ट्यूब, आत नारिंगी उजेड, किंमत दीड-दोन हजारांनी वर. बटण बंद करून ट्यूबकडे बघत राहा. खरा हीटर (ट्यूबमधली तापणारी तार) एकदम विझत नाही, दोन-तीन सेकंद लालसर होत मावळतो. उजेड खटक्यासरशी गेला तर तो ट्यूबखाली बसवलेला एलईडी. एलईडी आहे म्हणून ट्यूब बनावट असतेच असं नाही, पुष्कळ डब्यांत शोभेसाठी दोन्ही असतात. म्हणून दहा मिनिटं चालवून काचेजवळ बोट न्या. काच गार असेल तर ट्यूब नुसती बसवलेली आहे.

डेमोला आपले स्पीकर घेऊन जा. रिक्षाचे पैसे वाया जात नाहीत. दुकानात लावलेले मोठे स्पीकर ९५ डेसिबलचे असतील तर ते तुमच्या ८६ पेक्षा तेवढाच आवाज आठव्या हिश्शाच्या पॉवरवर देतात. तिथे ८ वॉटही दुकान दणाणून सोडतात आणि घरी आल्यावर अँप बदलून दिला की काय असं वाटतं.

बिलावर अँपचा मॉडेल क्रमांक आणि त्याच्याखाली 'सोबत २४ व्होल्ट ४.५ अँपियर अडॅप्टर' एवढं लिहून घ्या. काउंटरवरच खोक्यावरच्या यादीशी सामान ताडून बघा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारात मोडतं. तक्रारीला १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

काकांकडे पक्कं बिल नव्हतं. चिठ्ठीवर 'साऊंड सामान ६,५००' एवढंच. पण खोकं होतं, यूपीआयच्या दोन नोंदी होत्या, आणि दोन्ही अडॅप्टरवर मोजलेल्या आकड्यांचा कागद होता. काउंटरवर खोक्याची यादी आणि मोठा अडॅप्टर शेजारी शेजारी ठेवल्यावर दुकानदाराने फार वाद घातला नाही. १,४०० परत दिले. ट्वीटरचे ९०० काही दिले नाहीत, तो 'वापरण्यातला दोष' ठरला. काका निघाले तेव्हा त्याने मागून हाक मारली आणि १२ व्होल्टचा छोटा अडॅप्टर आठवणीने परत मागून घेतला.