कादंबरी तयार आहे: प्रकाशकाकडे द्यावी की स्वतःच ई-बुक काढावं?

एका मैत्रिणीची कादंबरी लिहून झालीय आणि ती अडकलीय याच प्रश्नावर.

आधी पैसे. केडीपीवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेवर, किंमत लेखक ठरवतो. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये टाकावं लागतं, म्हणजे 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. एरवी 35 टक्के. शिवाय 70 टक्क्यांत फाइलच्या आकारावर दर एमबीला 7 रुपये कापले जातात. कर बाजूला ठेवला, तर 100 रुपयांच्या 2 एमबी पुस्तकामागे साधारण 60 रुपये हाती येतात. चित्रं भरमसाट असतील तर 35 टक्केच परवडतील. प्रकाशकाकडे रॉयल्टी बरीच कमी, पण छपाईचा खर्च त्याचा. तो तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर ते स्वप्रकाशनच झालं, हे ओळखा.

मेहनतीचं म्हणाल तर स्वतः काढताना संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात सगळं एकटीवर. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं ई-बुक वाचक दहाव्या पानावर सोडतो. इथे पैसे वाचवूच नका.

पोहोच मात्र प्रकाशकाची. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, गावोगावची ग्रंथालयं, संमेलनातले स्टॉल एकट्या लेखकाला जड जातात. करारात ई-बुकचे हक्क किती वर्षांसाठी देताय, ते मात्र नीट वाचा.

छोट्या कथा, मालिका, परदेशातला मराठी वाचक असेल तर स्वतः काढा. ग्रंथालयात पोचावी अशी पहिली मोठी कादंबरी असेल, तर चांगल्या प्रकाशकासाठी थांबा.