ल हाव्रचं बंदर: प्रतिकृतीला मोने की पिसारो?

बंदर तेच, फ्रान्समधलं ल हाव्र. दोन्ही चित्रं हॉटेलच्या खिडकीतून रंगवलेली: चित्रकार क्लोद मोनेचं १८७२चं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ आणि कामीय पिसारोचं १९०३चं ‘आंस दे पिलोत’. प्रतिकृती करून शिकणाऱ्याकडून मात्र दोन्ही अगदी वेगळं काम करून घेतात.

मोनेचं चित्र सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. मूळ माप ४८ बाय ६३ सेंटिमीटर. कॅनव्हास तेवढाच घ्या. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, अलिझरिन आणि कॅडमियम ऑरेंज एवढ्या तैलरंगांत काम भागतं. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या करड्या-निळ्याचा हात (थर) आधी सगळीकडे द्या. डोलकाठ्या, धुरांडी, क्रेन हा थर ओला असतानाच ओढा, म्हणजे कडा धुक्यात विरतात. रंग इतका पातळ असतो की चुकलेला फटकारा लपत नाही.

बहुतेक प्रतिकृती सूर्यापाशी बिघडतात. चमक यावी म्हणून नारिंगीत पांढरा मिसळला जातो. मुळात तो सूर्य भोवतालच्या आकाशाहून फारसा उजळ नाहीच. कृष्णधवल फोटोत जवळजवळ नाहीसा होतो. त्याला झळाळी येते ती शेजारच्या करड्यामुळे. तेव्हा मोबाइलवर कामाचा कृष्णधवल फोटो काढा. सूर्य पांढरा ठिपका दिसला, तर नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) खरवडून पांढऱ्याशिवायचा नारिंगी लावा. पाण्यातलं प्रतिबिंब जाड रंगाचं, आडवं, लहानमोठ्या फटकाऱ्यांचं. त्यावरून ब्रश पुन्हा फिरवला की रंग मळलाच.

गजबज हवी असेल तर पिसारो घ्या. धक्क्यावरची माणसं उंचावरून पाहिलेली. एकेक माणूस दोन-तीन ठिपक्यांत उरकतो. टोप्या, चेहरे काढत बसलात की चित्र मेलं. माणसांमधलं अंतरही सारखं नको, आणि डोलकाठ्यांना पट्टी लावू नका. दोन ते सहा नंबरचे फ्लॅट ब्रश पुरतात. जाड रंगामुळे तीन-चार बैठका लागतात. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा, पुढच्या प्रत्येक हातात जवसाचं तेल थोडं वाढवायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि तडकतो. कोकणातल्या पावसाळी हवेत दोन बैठकांमध्ये आठवडाही कमी पडू शकतो. एक मोठी सोय म्हणजे चुकलेला ठिपका सुकला की त्यावर दुसरा बसतो.

हाताशी अॅक्रिलिकच (पाण्यात मिसळणारे, लवकर सुकणारे रंग) असेल तर प्रश्न मिटला: पिसारो. मोनेचं धुकं ओल्यावर ओलं चढवल्याशिवाय जमत नाही, आणि अॅक्रिलिक तेवढा वेळ देत नाही.