नऊ महिने, अकरा प्रेमकथा आणि एक गायब फर्मा

मागच्या आठवड्यात ‘एलिनर अँड पार्क’ या इंग्रजी प्रेमकादंबरीची खरी प्रत हाती आली. मी सरळ पान २७३ उघडलं आणि गाडीत पाळधी स्टेशन येईपर्यंत २८८ पर्यंत वाचून काढलं. आधीच्या डुप्लिकेट प्रतीत ही सोळा पानं नव्हती, म्हणून तीन महिने मी त्या पुस्तकाला नावं ठेवत होते. भाचीला सांगितलं होतं, वाचू नको, शेवट फसलाय. डब्यातल्या दोघीतिघींनाही तेच. आता त्या सगळ्यांना वेगळं सांगायचंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं रोज अमळनेर-जळगाव अप-डाऊन असतं. जाताना तासभर, येताना तासभर, गाडी साइडला टाकली तर आणखी. भाची अकरावीला गेली आणि तिच्या मैत्रिणींच्या हातात ही इंग्रजी पुस्तकं दिसायला लागली. ताई म्हणाली, “आधी तू वाचून बघ, मग तिला दे.” ऑक्टोबरपासून अकरा झाली, त्यातलं एक मराठी. मी मराठी शाळेत शिकलेली, सुरुवातीला एका पानाला चार-चार मिनिटं लागायची. आता दीड मिनिटात होतं. कथानकं कुणीही सांगेल. मी कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं ते सांगते, आणि त्याआधी विकत घेताना काय बघायचं ते, कारण माझे पैसे तिथेच गेले.

‘एलिनर अँड पार्क’ मी जळगावात फुटपाथवरच्या ढिगातून दीडशेला घेतलं. डुप्लिकेट आहे हे माहीत होतं. शब्द तेच, गोष्ट तीच, मग चारशे कशाला द्यायचे, असा हिशोब. मार्चमध्ये वाचताना २७२ नंतर पुन्हा २५७ आलं. दोनदा छापलं असेल म्हणून ती पानं उलटली आणि पुढे वाचत गेले.

एप्रिलमध्ये एक दिवस पुस्तक स्कूटीच्या डिकीत राहिलं. गाडी दिवसभर स्टेशनच्या स्टँडवर उन्हात. आमच्याकडे ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातं, बंद डिकीत तर बघायलाच नको. संध्याकाळी पुस्तक काढलं तर पाठीचा डिंक मऊ होऊन बोटाला लागत होता, आणि केळीच्या सोपटासारखं एकेक पान सुटून येत होतं. घरी ओट्यावर पानं लावायला बसले, तेव्हा दिसलं की २५७ ते २७२ दोनदा आहे आणि २७३ ते २८८ नाहीच. त्यानंतर थेट २८९.

नानांना दाखवलं. नाना म्हणजे माझे वडील, त्यांनी छापखान्यात तीस वर्षं बाइंडिंग केलंय. त्यांनी चष्माही शोधला नाही. नुसत्या बोटांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, “अठरावा फर्मा नाही. सतरावा दोनदा घेतलाय.” मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात, तो घडी घालून एक फर्मा होतो, आणि असे फर्मे ओळीने रचून पुस्तक बांधतात. नानांच्या छापखान्यात प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असायची, दर फर्म्याला थोडी खाली सरकलेली. सगळे फर्मे रचले की पाठीवर जिना दिसायचा. पायरी चुकली की फर्मा चुकला. ते पाठीवरून अंगठा फिरवून मगच लेई लावायचे. त्या लेईत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घातलेलं असायचं, म्हणून आम्हा भावंडांना हात लावू द्यायचे नाहीत. एवढी काळजी घेऊन बांधलेली पुस्तकं लहानपणी बघितल्यामुळे मला या सोळा पानांचा राग जरा जास्तच आला.

विक्रेत्याकडे गेले. तो म्हणाला, “ताई, दीडशेत असंच येतं. दुसरं घ्या, शंभरात देतो.” मी ढिगातल्या त्याच पुस्तकाच्या आणखी तीन प्रती उघडल्या. तिन्हींत तीच सोळा पानं नाहीत! मी म्हटलं, “भाऊ, हे तुम्ही कॉलेजच्या पोरींना विकताय, त्यांना अर्धी गोष्ट देताय.” तो गप्प झाला, पैसे मात्र दिले नाहीत. मग ऑनलाइन मागवलं. ‘नवीन, ओरिजिनल’ लिहिलेलं, दोनशे साठ रुपये. आलं ते त्याच छापाचं. मी पाकीट फोडून आधी पान २७२ उघडलं, पुढे २५७. परत करायला आलेला मुलगा म्हणाला, फाटलेलं नाही, ओलं नाही, मग कारण काय टाकू? बिचाऱ्याच्या यादीत ‘फर्मा नाही’ असं कारणच नव्हतं. चार फोन आणि अकरा दिवस गेले, तेव्हा पैसे आले.

म्हणजे स्वस्तात घ्यायचंच असेल तर दुकानात उभं राहूनच घ्या. पानांचे आकडे शेवटपर्यंत चाळा, दोन मिनिटं लागतात. कागद उजेडात धरा, मागची अक्षरं आरपार वाचता येत असतील तर सोडा. एका पानावर शाई गडद आणि पुढच्यावर फिकी, किंवा समास तिरका असेल तरी सोडा. डुप्लिकेटवर मागचा बारकोड पुसट दिसतो, तो फोटोवरून छापलेला असतो. लेखकाला यातला एक रुपया मिळत नाही, हेही मला आता टोचतं. मार्चमध्ये टोचलं नव्हतं.

आता गोष्टीकडे. पुढे शेवट फोडतेय, वाचायचं असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडावेत. रेनबो रॉवेलची ही कादंबरी १९८६ सालच्या अमेरिकेतल्या ओमाहा शहरात घडते. शाळेच्या बसमध्ये जागा नसते म्हणून नवी मुलगी एलिनर पार्कच्या शेजारी बसते. तो कॉमिक वाचतो, ती बाजूने चोरून वाचते. त्याला ते कळतं, आणि एक शब्दही न बोलता तो तिचं वाचून होईपर्यंत पान उलटायचा थांबतो. अकरा पुस्तकांत मला इतकं आवडलेलं दुसरं काही नाही. ज्यांनी आमच्याकडची शाळकरी मुलींना नेणारी ‘मानव विकास’ची निळी एसटी बस सकाळी साडेनऊला बघितली असेल, एका सीटवर तीन पोरी, मांडीवर दप्तरं, त्यांना त्या बसचा वास येईल. एलिनरचं घर गरीब आहे, आणि गरिबी तिथे सजावट म्हणून आणलेली नाही. बाथरूमला दार नाही, एवढ्यावरून सावत्र बापाच्या घरात ती कशी जगते ते कळतं.

तिच्या वह्या-पुस्तकांच्या कव्हरवर कुणीतरी घाणेरडं लिहीत असतं. ती समजते, आणि आपणही समजतो, की वर्गातल्या त्रास देणाऱ्या मुलींचं काम आहे. माझ्या प्रतीत यानंतर ती एकदम पार्कसोबत गाडीत बसून मामाकडे निघालेली होती. पुढे तुटक उल्लेख येतात, पण मला वाटलं घरात नेहमीसारखं भांडण झालं असेल. तो तिला सोडून परत येतो, नंतर ती त्याच्या पत्रांना उत्तरच देत नाही. मी भाचीला म्हटलं होतं, “पोरगा भित्रा आणि पोरगी माजोरी.” गायब फर्म्यात नेमकं हे होतं की ते अक्षर सावत्र बापाचं आहे हे तिला कळतं. त्याच घरात, त्याच रात्री. यानंतर ती तिथे एक तासही थांबू शकत नव्हती, आणि सतरा वर्षांच्या आतल्या मुलाने तिच्यासाठी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं होतं. उत्तर न देणंही मग वेगळं वाचलं जातं. पाळधीला मी पुस्तक मिटलं आणि जळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का?

तर, ‘एलिनर अँड पार्क’ जरूर वाचा. दहावीच्या पुढच्या मुलींना द्या आणि नंतर त्यांच्याशी बोला. इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं छोटी, एकदा ती एकदा तो. जुन्या बँडची नावं फार येतात, ती न कळता पुढे गेलं तरी चालतं. पार्कची आई कोरियन आहे, तिचं चित्रण काही ठिकाणी ठोकळेबाज वाटलं, तेवढी तक्रार राहतेच.

बाकीची भराभर. पहिल्यांदाच इंग्रजी कादंबरी हातात घेणाऱ्या मुलीला जेनी हॅनची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर’ द्या. २०१४ ची आहे, पुढे दोन भाग आहेत, पण पहिला पुरे. मनातल्या मुलांना लिहून लपवून ठेवलेली पत्रं खरोखर पोस्टात पडतात, असा घाट. प्रेमप्रकरण ठीकठाक, पण आई गेलेल्या घरातल्या तीन बहिणी काय सुंदर लिहिल्यात! थोरली शिकायला परदेशी जाते आणि मधलीवर घर पडतं, ते वाचताना मला माझ्या ताईचं लग्न होऊन ती नंदुरबारला गेली ते दिवस आठवले.

जॉन ग्रीनची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ २०१२ ची. ‘दिल बेचारा’ हा हिंदी सिनेमा ज्यावरून निघाला तीच. चांगली आहे, पण मुलगा प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं बोलतो, त्याचा थकवा येतो. मुलीचे आईवडील मात्र खरे वाटतात. घरात नुकतंच आजारपण झालं असेल तर आत्ता नको.

संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ (२०१७) ही अमेरिकेतल्या देशी घरांची गोष्ट. आईवडिलांनी परस्पर जमवून टाकलेलं, मुलाला माहीत, मुलीला पत्ताच नाही. तो भेटल्या भेटल्या तिला भावी बायको म्हणतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते. आमच्या डब्यात हा प्रसंग मी मराठीतून सांगितला तेव्हा अर्धा डबा हसला आणि एका मुलीने लगेच पुस्तक मागून घेतलं. शेवट ओढलाय, पण पैसे वसूल.

‘ट्वायलाइट’ (२००५) सोडा. मुलगी झोपलेली असताना मुलगा तिला न सांगता रात्री खोलीत येऊन तिच्याकडे बघत बसतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. सोळा वर्षांच्या पोरीला हे प्रेम म्हणून शिकवायला मी तयार नाही.

कॉलीन हूवरच्या ‘इट एंड्स विथ अस’बद्दल मला जरा जोरात बोलायचंय. कव्हरवर फुलं, म्हणून दुकानदार ते शाळकरी पुस्तकांच्या ढिगात ठेवतो. आत नवऱ्याची मारहाण आहे. पुस्तक वाईट नाही. मारणारा माणूस एरवी किती चांगला वागतो आणि बाई का थांबते, हे नीट लिहिलंय, लग्न झालेल्या बाईने जरूर वाचावं. पण हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून कुणाला देऊ नका. २०२३ मध्ये त्यावर रंग भरायचं पुस्तक निघणार म्हणून जाहीर झालं होतं, वाचक चिडले तेव्हा रद्द केलं. कव्हरवरून कितीजण फसत असतील ते यावरूनच समजा.

आणि मराठी? सुरुवातीला मीच ताईला म्हटलं होतं की या वयाचं आपल्याकडे नाही. ते शब्द मागे घेते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घेतली होती, ती वर्षभर कपाटात होती. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, त्यातला जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. पहिल्या पानापासून एकही मिनिट अडखळायला झालं नाही, आणि पोरांची भाषा अशी की मला माझा वर्ग ऐकू आला. एकच सल आहे. शिरोडकर आपल्याला फक्त जोशीच्या डोळ्यांनी दिसते, तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. एलिनर वाचल्यावर हे जास्त जाणवलं. कुणीतरी मराठीत शिरोडकरच्या बाजूने एक शाळा लिहावी, अगदी खानदेशातल्या एखाद्या गावची लिहावी, मी पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घेईन.

उरलेली चार पुस्तकं नावं लक्षात राहतील अशीही नव्हती. चारहींत मुलगा श्रीमंत, मुलगी धडपडी, आणि दोनशे पानं टिकणारा एक गैरसमज जो एका फोनने मिटला असता. ती मी रद्दीच्या भावानेही घेणार नाही.

खरी प्रत पुण्याहून मावसभावाने आणली, तीनशे चाळीसला पडली. ती घरी आली त्या संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते. मला पुस्तकात डोकं घातलेलं बघून म्हणाले, “काय वाची राह्यनी इतलं?” त्यांना अठराव्या फर्म्यात काय होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक मागितलं, पाठीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, किती जणी वाचणार आहेत? मी म्हटलं, भाची आहे, आणि डब्यातल्या चौघी. ते म्हणाले, नुसत्या डिंकावर टिकणार नाही. आतून टोचा काढला, पाठीजवळ तीन भोकं पाडली आणि मेणाचा दोरा ओवून पुस्तक शिवून दिलं. समास थोडा आत गेलाय, पुस्तक जोर लावून उघडावं लागतं. सध्या ते धरणगावच्या मुलीकडे आहे, सोमवारी तिच्याकडून भाचीकडे येईल.