अॅक्युपंक्चर: चीन की महाराष्ट्र?
बीएएमएस झालेली निपाणीची भाची विचारते, "मामा, अॅक्युपंक्चर कुठं शिकू?"

चीनमध्ये मास्टर्स साधारण 3 वर्षांचं. बीजिंग, शांघायची चिनी वैद्यक विद्यापीठं 1956 पासूनची. सुया टोचून उपचार करण्याबरोबर काढे, नाडी, जीभ बघणं सगळं शिकवतात. पण शिकायचं बहुतेक चिनी भाषेत, खर्चही मोठा.

महाराष्ट्रातला अभ्यासक्रम स्वस्त. बिडी वळून मान आखडलेल्या बायांशी मराठीतच बोलत हात बसतो. मात्र तिथला अॅक्युपंक्चर कायदा महाराष्ट्रापुरता. केंद्रानं 2019 मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, तरी निपाणीत बोर्ड लावण्याआधी कर्नाटकचे नियम विचारच. माझ्या मते खरा प्रश्न हाच.

कागल-कोल्हापुरात दवाखाना टाकायचा असेल तर महाराष्ट्र. संशोधनाची ओढ असेल, तर आधी वर्षभर चिनी शीक, मग जा.