जुना गामा कॅमेरा की सीझेडटी? आधी आपलं रजिस्टर बघा

न्यूक्लियर मेडिसिन डिपार्टमेंटला (जिथे पेशंटला किरणोत्सर्गी औषध देऊन शरीरातून येणारे गामा किरण कॅमेऱ्याने टिपतात) नवीन कॅमेरा घ्यायचाय आणि दोन कोटेशनं समोर आहेत, एक नेहमीच्या गामा कॅमेऱ्याचं, एक सीझेडटीचं, तर आधी वर्षभराचं रजिस्टर काढून हार्टचे किती, हाडांचे किती, थायरॉइडचे किती ते मोजा, कारण निवड तिथेच ठरते.

नेहमीचा गामा कॅमेरा अजूनही अमेरिकन संशोधक हॅल अँगरच्या 1950 च्या दशकातल्या पद्धतीवरच चालतो, सोडियम आयोडाइडच्या क्रिस्टलमध्ये गामा किरणाचा प्रकाश होतो आणि मागच्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबा तो पकडतात. सीझेडटीत (कॅडमियम-झिंक-टेल्युराइड, हा सेमीकंडक्टर) प्रकाशाची पायरीच नाही, थेट विद्युत सिग्नल. म्हणून टेक्नेशियमच्या (आपलं रोजचं किरणोत्सर्गी द्रव्य) 140 केईव्हीला (केईव्ही म्हणजे किरणाच्या एनर्जीचं माप) एनर्जी रेझोल्यूशन, म्हणजे एनर्जी मोजण्यातला फरक, जितका कमी तितका चांगला, जुन्यात 9-10 टक्के आणि यात 5-6 टक्के, म्हणजे वाट बदलून आलेले भरकटलेले किरण जास्त चांगले गाळले जातात.

हार्टचं काम जास्त असेल तर मी डोळे झाकून सीझेडटी म्हणेन. स्ट्रेस थॅलियमला (हार्टचा रक्तपुरवठा बघायचा स्कॅन; नाव थॅलियम, देतो बहुतेक टेक्नेशियमच) जुन्या कॅमेऱ्यावर हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं पडून राहावं लागतं. खांदा आखडलेल्या एक आजी, बाराव्या मिनिटाला कळ असह्य होऊन हात खाली आला, सगळं परत घ्यावं लागलं, त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. हार्टसाठीच्या सीझेडटीवर हेच चार-पाच मिनिटांत होतं, किंवा वेळ थोडा वाढवून डोस कमी करता येतो, आणि सोमवारचा जनरेटर (ज्यातून टेक्नेशियम काढतो) शुक्रवारी तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो (आतल्या मॉलिब्डेनमची हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायचा वेळ, 66 तास) तेव्हा हे किती कामाला येतं ते हॉट लॅबमध्ये (जिथे डोस तयार होतात) उभं राहणाऱ्यालाच विचारा.

देखभालीतही फरक आहे. क्रिस्टलला ओल आणि तापमानाचा झटका दोन्ही चालत नाही, एका ठिकाणी रात्री एसी बंद पडला आणि सकाळी क्रिस्टलला तडा, अख्खा बदलावा लागला. सीझेडटीत खराब झालेलं मॉड्यूलच बदलतात. पण किंमत बरीच जास्त, हे खरं.

आता थायरॉइड. आयोडीन-131 चा किरण 364 केईव्हीचा, सीझेडटीची पट्टी काही मिलिमीटरचीच, तो बराचसा आरपार जातो आणि बरीचशी मॉडेल्स त्या एनर्जीसाठी बनवलेलीच नाहीत. तुमच्याकडे आयोडीन थेरपीचा वॉर्ड असेल आणि कॅमेरा एकच घेणार असाल तर हाय एनर्जी कोलिमेटरसह (कॅमेऱ्यापुढची किरण गाळणारी शिशाची जाळी) जुन्या पद्धतीचा स्पेक्ट-सीटीच (फिरता गामा कॅमेरा आणि सीटी एकत्र) घ्या, थेरपीनंतरचा होल बॉडी स्कॅन त्याच्याशिवाय नीट होणार नाही.